डावीकडचे अडीच इंच

चित्रकला शिकायला मी हौसेनं गेलो नाही. एक्केचाळीस वर्षं पोर्ट मर्डिनच्या साप्ताहिकात बातम्या लिहिल्या, फोटो काढले, तीन नगराध्यक्षांशी भांडलो, आणि निवृत्त झाल्यावर उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हाताला बारीक काम द्या. विणकाम करा, नाहीतर चित्रं काढा." विणकामाच्या वर्गात डल्सी रॉडा होती, म्हणून मी चित्रकला निवडली. डल्सी चित्रकलेच्या वर्गातही होती, हे पहिल्या दिवशी कळलं.

"ये ये, क्लेम ट्रेझीस," ती दारातच म्हणाली. "आता कागदाशीही भांडणार का?"

डल्सी ब्याऐंशी वर्षांची. मटण-बटाटा भरून भाजलेल्या पास्ट्या करून आणते आणि त्या बदल्यात वाटेल ते बोलते.

वर्ग दर मंगळवारी सकाळी दहाला, जेटीसमोरच्या जुन्या इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये. आम्ही सहाजण. शिकवायला मेरिन नॅन्किव्हेल. अडचण होती ती या आडनावाची.

चौऱ्याऐंशी सालच्या जूनमध्ये वादळात आमच्या जेटीचं टोक तुटलं आणि तिथे गळ टाकून बसलेले तिघे वाहून गेले. जेटीच्या तोंडाशी लाकडी फाटक होतं. वारा चढला की ते ओढून बंद करायचं, हे रखवालदाराचं काम. रखवालदार लेन नॅन्किव्हेल, मेरिनचा बाप. लेननं शपथेवर सांगितलं, मी फाटक वेळेत लावलं होतं, ते तिघे नंतर कठड्यावरून चढून गेले असणार. चौकशीत ते कोणी मानलं नाही. फाटक उघडं होतं आणि लेन जागेवर नव्हता, असा निकाल लागला. नोकरी गेली. दुकानात लोक त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे. शेवटी बायको आणि अकरा वर्षांची मेरिन यांना घेऊन तो ॲडलेडला गेला आणि चार वर्षांत मेला.

यंदा त्या घटनेला चाळीस वर्षं होतात. ईस्टरच्या आधी जेटीपाशी स्मरणफलक लागणार, आणि त्यावरचा मजकूर मी लिहिलेला. तिसरी ओळ अशी: 'त्या दुपारी फाटक उघडे होते व रखवालदार जागेवर नव्हता.' मेरिन चार महिन्यांपूर्वी गावात परत आली आणि तिनं फलकाच्या समितीला पत्र दिलं, एवढी एक ओळ काढा. मी पेपरात जाहीर उत्तर दिलं की नातेवाइकांना दुखतं म्हणून घडलेलं बदलत नाही. मी हो म्हटल्याशिवाय ओळ हलणार नव्हती. हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

मग त्याच बाईच्या वर्गात गेलो कशाला? कारण दुसरा वर्ग एकशेचाळीस किलोमीटरवर आहे. आणि एखाद्या खोलीत माझ्याविरुद्ध तक्रार असलेला माणूस बसलाय म्हणून मी कधी खोली सोडलेली नाही.

पहिल्या दिवशी तिनं प्रत्येकाला कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यातून कापलेला एकेक पुठ्ठा दिला. मध्ये आयताकृती खिडकी. एक डोळा मिटायचा, खिडकीतून बघायचं आणि दिसेल तेवढंच काढायचं.

"सगळं जग काढायचं नाही," मेरिन म्हणाली. "काय आत घ्यायचं, काय बाहेर ठेवायचं, ते आधी ठरवायचं. चित्राची सुरुवात तिथे होते."

सत्तरी उलटलेल्या माणसाला खोक्याच्या भोकातून समुद्र बघायला लावतात. मी चाळीस वर्षं कॅमेऱ्यातून दुसरं काय केलं? पण बाई बोलतच होती. चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग कल्पून बघा. मुख्य वस्तू बरोबर मध्यात ठोकू नका. रिकाम्या जागेलाही वजन असतं.

"रिकाम्या जागेला वजन असतं तर नगरपालिकेचा मजला कधीच खचला असता," मी म्हणालो. डल्सी खुदकन हसली. मेरिन हसली नाही.

"समोर बघा, क्लेम," ती म्हणाली. "जेटी काढा."

फेब्रुवारी, म्हणजे आमच्याकडे ऐन उन्हाळा. उत्तरेचा तापलेला वारा सुटला होता, पत्र्याचं छप्पर तडतडत होतं. बाहेर झेंड्याच्या खांबावर दोर आपटत होता... टक, टक, टक. ओहोटी लागलेली, शेवाळाचा कुबट वास. डोळ्यांना टोचेल इतकं लख्ख ऊन. त्या उन्हात नवी काँक्रीटची जेटी सरळ समुद्रात गेलेली आणि तिच्यावर चिटपाखरू नव्हतं. मी पुठ्ठा डोळ्यासमोर धरला.

डाव्या काठावर एक माणूस उभा होता.

अर्धाच दिसत होता. रेनकोट, एक खांदा, वर केलेला एक हात. बाकीचा पुठ्ठ्याच्या कडेनं कापलेला. मी चौकट डावीकडे सरकवली, म्हणजे तो पूर्ण आत येईल. तो डाव्या काठावरच राहिला. आणखी सरकवली. तरी काठावरच, तेवढाच अर्धा. वैतागून पुठ्ठा खाली ठेवला. जेटी रिकामी.

पुठ्ठा वर... माणूस.

"अहो, बाजूला व्हा जरा!" मी खिडकीतून ओरडलो. "चित्र काढतायत इथे!"

सगळ्यांनी माना वळवल्या.

"कोणाला ओरडतोस?" डल्सी म्हणाली. "बाहेर एक सीगल आहे, आणि तो तुझं ऐकणाऱ्यातला दिसत नाही."

"तो रेनकोटवाला."

"चाळीस डिग्रीत रेनकोट? पाणी पी, क्लेम."

मी पाणी प्यायलो. पुठ्ठ्याची कड फाटली असेल, चष्म्यावर डाग असेल, असं सगळं तपासलं. कड सरळ होती, चष्मा स्वच्छ. मग पुठ्ठा न वापरताच जेटी काढली. सरळ रेघा, त्यात काय चुकणार? पण तास संपताना माझ्या कागदाच्या डाव्या काठाला एक काळसर उभा धब्बा होता. मी तो काढलेला नव्हता. खोडून बघितलं, तर जास्तच गडद झाला.

मेरिन मागे येऊन उभी राहिली. "डावी बाजू जड झालीय. काय आहे तिथे?"

"काही नाही."

"काही नसतं तर नजर तिथे गेली नसती." ती शांतपणे म्हणाली. "काठावरचा माणूस बघणाऱ्याची नजर चित्राबाहेर ओढून नेतो. एक तर त्याला आत घ्या, नाहीतर कापून टाका. काठावर अर्धवट ठेवू नका."

तो माणूस काठावर अर्धाच दिसतो, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. पण माझं लक्ष त्याकडे गेलंच नाही, कारण हेच वाक्य मी आधी ऐकलं होतं. आमच्या जुन्या संपादकाचं. तो माझ्या प्रत्येक फोटोवर लाल मेणपेन्सिल आपटून म्हणायचा, आत घे, नाहीतर काप.

पुढचे दोन मंगळवार तसेच गेले. पुठ्ठा उचलला की तो डावीकडे. खिडकी बदलून बसलो, गव्हाच्या कोठाराकडे तोंड केलं, तरी डावीकडे. तिसऱ्या आठवड्यात मेरिननं टेबलावर किटली आणि दोन लिंबं मांडली. किटलीच्या डावीकडे, हॉलच्या आत, भिंतीपाशी तोच अर्धा रेनकोट, तोच वर केलेला हात. मला भीती वाटली असं मी म्हणणार नाही. मला भयंकर राग आला. चाळीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की भुताखेतांच्या बातम्या माझ्या टेबलावर आणू नका. आणि आता एक भूत, तेही अर्धं, किटलीच्या बाजूला उभं राहून माझी मांडणी बिघडवत होतं.

त्या दिवशी व्हिनेगरचा वास येत होता.

"डल्सी, पास्टीवर व्हिनेगर ओतलंस का?"

"पास्टीवर? मी काय रानटी आहे?"

तो वास मला माहीत होता. डार्करूमचा वास. फोटो धुताना मधल्या ट्रेमध्ये जे आंबट पाणी असतं, त्याचा. त्यात ओल्या शेवाळाचा वास मिसळलेला.

मी तास अर्धा सोडून घरी आलो. दिवाणखान्यात माझा तो फोटो टांगलेला आहे, ग्रामीण पत्रकारितेचं दुसरं बक्षीस मिळालेला. वादळाच्या दिवशी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी इन्स्टिट्यूटच्या पायरीवरून घेतलेला. वेळ पक्की, कारण फोटोत धान्याचं जहाज दोर सोडतंय आणि जहाजाची वेळ बंदराच्या नोंदीत आहे. काळं आभाळ, त्याखाली जेटी, आणि तिच्या तोंडाशी फाटकाचा एकच, उजवा खांब. फाटक नाही, माणूस नाही. दीड तासानं टोक तुटलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर हाच फोटो. चौकशीत न्यायाधीशांनी हेच पान वर धरलं आणि विचारलं, "यात रखवालदार कुठे आहे?" मी पत्रकारांच्या बाकावर बसून तो प्रश्न शब्दशः लिहून घेतला होता.

शेडमध्ये बिस्किटांच्या डब्यांत माझ्या जुन्या निगेटिव्ह आहेत, सालवार. पट्टी सापडायला पाच मिनिटं लागली. चाळीस वर्षांत पाच मिनिटं मला मिळाली नव्हती. मी ती खिडकीच्या उजेडात धरली.

पूर्ण फोटोत डावीकडे आणखी जागा होती. तिथे दुसरा खांब होता, त्याला लावलेलं फाटक होतं, आणि एक माणूस एका हातानं ते ओढून बंद करत होता. अर्धं लागलं होतं. माणसाचा दुसरा हात वर. निगेटिव्हमध्ये चेहरे काळे आणि डोळे पांढरे असतात, सगळ्यांचेच. तरी मी पट्टी पटकन उलटी ठेवली.

पट्टीला जोडलेल्या छोट्या प्रिंटवर लाल मेणपेन्सिलीची उभी रेघ होती. बाजूला माझ्या अक्षरात: 'डावीकडून २॥ इंच उडवा.'

खरं सांगतो, ती रेघ ओढताना माझ्या मनात वाईट काही नव्हतं. तिघे वाहून गेले होते, पान रात्रीत लावायचं होतं, आणि काठावरचा एक माणूस चांगल्या फोटोची माती करत होता. बस. पण तीन आठवड्यांनी न्यायाधीशांनी पान वर धरलं तेव्हा मला आठवायला हवं होतं. आठवलं नाही, असं मी आजही सांगतो, आणि सांगताना माझाच त्यावर विश्वास बसत नाही.

दुसऱ्या दिवशी समितीच्या अध्यक्षाला, ग्रॅहमला, फोन केला. "तिसरी ओळ काढ. लेननं फाटक लावलं होतं. पुरावा आहे माझ्याकडे."

"तूच तर म्हणालास घडलेलं बदलत नाही."

"घडलेलं बदललं नाही रे बाबा, फोटो बदललाय! पूर्ण फोटो सापडला."

"इतकी वर्षं कुठे होता?"

इथे मी सांगू शकलो असतो. मी म्हणालो, "तांत्रिक कारणानं डावा भाग छापता आला नव्हता."

पेपरातही तसंच लिहिलं. तांत्रिक कारणानं. दुसऱ्या कुणी मला हे शब्द दिले असते तर मी त्याला आठवडाभर सोलून काढला असता. पण लोक खूश झाले. फलकाची ओळ निघाली, तिथे लेनचं नाव मानानं आलं. रस्त्यात माणसं थांबून म्हणाली, क्लेम, या वयात चूक दुरुस्त करायला मोठं मन लागतं. मेरिनला मी पूर्ण फोटोची प्रिंट दिली. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "थँक यू, क्लेम." आणखी काहीतरी विचारायचं असल्यासारखी थांबली. मी टोपी घालून निघालो.

त्यानंतरच्या मंगळवारी पुठ्ठा उचलला. डावा काठ रिकामा. तो गेला होता. मी दोन पास्ट्या खाल्ल्या.

त्या दिवशी धडा माणसांच्या मांडणीचा होता. एकानं मध्ये बसायचं, बाकीच्यांनी काढायचं. मी बसलो. अगदी मध्ये, माझ्यामागे चहाचं टेबल. तास संपल्यावर मेरिननं सगळ्यांचे कागद भिंतीला लावले.

पाच कागद. पाचही कागदांवर चहाचं टेबल मध्ये, आणि मी डाव्या काठावर. अर्धा. एक खांदा, एक कान.

"हा काय पोरखेळ?" मी म्हणालो. "ठरवून केलंत?"

"अरे, मी तुला मध्येच काढला होता," डल्सी म्हणाली. ती आपल्याच कागदाकडे बघत होती. तिच्या आवाजात या वेळी थट्टा नव्हती. "टेबल नंतर काढलं... तुझ्यामागे."

पुढच्या मंगळवारी मी हट्टानं पुन्हा मध्ये बसलो. खुर्चीचे पाय खडूनं जमिनीवर आखून घेतले. त्या वेळी पाचही कागदांवर माझं फक्त कोपर होतं. त्याच्या पुढच्या मंगळवारी नुसती खुर्ची. पाचजणांनी तास-तास माझ्याकडे बघून मन लावून रिकामी खुर्ची काढली होती, बसकणीच्या खोलगट भागाला छाया देऊन. छप्पर तडतडत होतं. टक, टक, टक, बाहेर दोर. आणि व्हिनेगरचा वास आता माझ्या शर्टाला येत होता.

"मी कापला," मी म्हणालो.

सगळे आपापल्या कागदाकडेच बघत राहिले. मला वाटलं ऐकूही आलं नाही. मी उठून उभा राहिलो.

"फोटो मी कापला. तांत्रिक बिंत्रिक काही नव्हतं. लाल पेन्सिलीनं, अडीच इंच. फोटो चांगला दिसावा म्हणून. आणि चौकशीत तोंड मिटून बसलो."

डल्सीनं हातातली पेन्सिल खाली ठेवली. "बक्षीस मिळालेला तोच ना रे?"

"तोच."

मेरिन खिडकीपाशी उभी होती. तिनं वळून बघितलं नाही.

"बाबा शेवटपर्यंत एकच सांगायचे," ती म्हणाली. "क्लेमनं फोटो काढताना मला हात केला होता. मीही त्याला हात केला. क्लेमनं बघितलंय. क्लेम सांगेल... तो पेपरवाला आहे."

तो वर केलेला हात. मला वाटत होतं तो कुणाला तरी थांबवतोय.

"चौकशीच्या सगळ्या दिवसांत ते तुमच्या बाकाकडे बघत बसायचे," मेरिन म्हणाली. "आई म्हणायची, जाऊन विचार त्याला. ते म्हणायचे, विचारायला कशाला हवं?"

मी हे सगळं त्याच संध्याकाळी लिहून पेपरला पाठवलं. नव्या संपादिकेनं फोन केला. पोरगी हुशार आहे, पण घाईत असते. म्हणाली, मजकूर उत्तम, फक्त जागेच्या अडचणीमुळे शेवटचा तुमच्या कबुलीचा भाग काढावा लागेल. मी तिला जे बोललो ते इथे लिहीत नाही. लेख परत घेतला. तोच हा, फक्त फोनपासून पुढचं मागाहून जोडलंय. यातली एक ओळही कोणी कापायची नाही, ही अट घालून मी तो देतोय.

काल मंगळवार होता. मी लेखाची प्रत घेऊन वर्गात गेलो. मेरिननं उभ्या उभ्या पूर्ण वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसली. आमच्यात तीन फूट अंतर असेल.

"बघू या," ती म्हणाली आणि पुठ्ठा डोळ्यासमोर धरला.

मी खडूच्या खुणांवर ताठ बसलो होतो. हात मांडीवर. तो थरथरत होता, एवढं मला दिसत होतं.

तिनं चौकट थोडी डावीकडे सरकवली. मग आणखी डावीकडे.

"दिसतोय का मी?" मी विचारलं.

"थांबा..."

ती आणखी सरकवत गेली. मान वळली, खांदा वळला. आता पुठ्ठा माझ्यावर नव्हताच, खिडकीवर होता, बाहेरच्या लख्ख उन्हावर, जेटीवर. तिथे ती थांबली. डोळा बारीक केला. तिच्या चेहऱ्यावर आपलं माणूस दिसल्यासारखं काहीतरी आलं.

मग तिनं मोकळा हात हळूच वर केला आणि हलवला, लांब उभ्या असलेल्या माणसाला करतात तसा.